दोन फोन नंबर, दोन गाणी आणि पलीकडे कोण उचलतं

वैद्यकीय समाजकार्य शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेचा प्रश्न आहे: "लोकप्रिय गाण्यांमधून आरोग्यसेवेवर आणि मानवी हक्कांवर भाष्य होतं असं सगळे म्हणतात. पण ते खरंच भाष्य असतं की नुसता हळहळीचा सूर? मी वर्गात गाणं लावते, मुलं माना डोलावतात आणि चर्चा पाच मिनिटांत आटोपते. गाण्यामुळे कधी काही बदललंय का? आणि दोन तासांचं सत्र घ्यायचं तर कुठली गाणी निवडावीत?"

सार्वजनिक आरोग्य शिकवण्यात माझी हयात गेली आणि वर्गात गाणी नेण्याची खोड तितकीच जुनी आहे, त्यामुळे उत्तर जरा ऐसपैस होणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटीच देतो.

चर्चा पाच मिनिटांत आटोपते, कारण आपण चुकीचा प्रश्न विचारतो. "हे गाणं कशावर आहे?" असं विचारलं की कुणीतरी "एड्सवर" म्हणतं, कुणी "गरिबीवर" म्हणतं, आणि विषय मिटतो. मी दुसरंच विचारतो: या गाण्यातलं बोट कुणाकडे रोखलेलं आहे? आजारी माणसाकडे, नशिबाकडे, की ज्याने काहीतरी करायला हवं होतं आणि केलं नाही त्याच्याकडे? हक्काची भाषा या तिसऱ्या ठिकाणी सुरू होते. हक्क म्हटला की एक हक्कदार असतो आणि एक उत्तरदायी असतो. उत्तरदायीच नसेल तर उरते ती दया.

याला कागदोपत्री आधारही आहे. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या कलम २५ मध्ये वैद्यकीय सेवेचा उल्लेख आहे. १९६६च्या आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम १२ थेट आरोग्याच्या हक्कावर आहे. त्या कलमाचा अर्थ काय लावायचा, हे संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००० साली एका टिपणात फोड करून सांगितलं. आरोग्याचा हक्क म्हणजे निरोगी असण्याचा हक्क नव्हे, हे तिथे स्पष्ट लिहिलं आहे. सेवा आहे का, ती माणसाच्या आवाक्यात आहे का, त्याचा मान राखून दिली जाते का आणि तिचा दर्जा बरा आहे का, अशा चार कसोट्या त्यात आहेत. एवढं फळ्यावर लिहून मगच गाणं लावा.

आता माझी आवडती जोडी सांगतो. दोन गाणी, दोन्ही अमेरिकी हिप-हॉप, आणि दोन्हींच्या शीर्षकात फोन नंबर.

पहिलं १९९० सालचं, पब्लिक एनिमी या गटाचं 'नाइन वन वन इज अ जोक'. ९११ हा तिथला आणीबाणीचा नंबर. गाण्याची तक्रार सरळ आहे: काळ्यांच्या वस्तीतून फोन केला तर रुग्णवाहिका येत नाही, आणि आली तरी माणूस गेल्यावर येते. गातो फ्लेवर फ्लेव. गटातला हा विदूषक, गळ्यात भलंमोठं घड्याळ अडकवून फिरणारा. गाणं हसत-खिदळत चालतं, त्यामुळे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते तक्रारीचं आहे हे कळायला थोडा वेळ लागतो. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. सेवा नाही असं हे गाणं म्हणतच नाही. नंबर आहे, गाडी आहे, पगारी माणसं आहेत. म्हणजे पहिली कसोटी पास. नापास होते ती दुसरी, आवाक्याची. आकडेवारीत असलेली सेवा दारात का नसते, हा आरोग्यधोरणातला सगळ्यात चिवट प्रश्न या माणसाने नाचता येईल अशा चालीत बसवला.

इथे वर्गाला एक जोडमाहिती द्या. अमेरिकेत रुग्णवाहिकेत प्रशिक्षित पॅरामेडिक असावेत ही कल्पना सुरुवातीला ज्यांनी राबवून दाखवली, त्यांत पिट्सबर्गची 'फ्रीडम हाउस' ही सेवा होती. १९६७ साली हिल डिस्ट्रिक्ट या काळ्यांच्या वस्तीतून ती उभी राहिली आणि तिथल्याच तरुणांना प्रशिक्षण मिळालं. १९७५ मध्ये शहराने आपली सेवा सुरू केली आणि ही बंद पडली. ज्या समाजाने रुग्णवाहिका म्हणजे काय हे दाखवून दिलं, त्याच समाजाचा गायक पंधरा वर्षांनी म्हणतो की आमच्याकडे ती येत नाही. हे ऐकल्यावर वर्गात पाच मिनिटांत चर्चा संपलेली मी तरी पाहिली नाही.

दुसरं गाणं २०१७ सालचं, लॉजिक या रॅपरचं. त्याचं शीर्षक म्हणजे तेव्हाचा अमेरिकेतला आत्महत्या-प्रतिबंधक हेल्पलाइनचा नंबर, जसाच्या तसा. गाण्यात जगणं नकोसं झालेला माणूस फोन लावतो, पलीकडचा माणूस त्याच्याशी बोलतो, आणि शेवटी फोन करणाऱ्याचा सूर पालटतो. या गाण्याचा परिणाम मोजला गेला आहे, आणि गाण्यांच्या बाबतीत हे फार क्वचित घडतं. डिसेंबर २०२१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अभ्यास आला. गाणं प्रसिद्ध झालं तेव्हा आणि नंतर दोन मोठ्या पुरस्कार सोहळ्यांत ते सादर झालं तेव्हा, अशा त्याची सर्वाधिक चर्चा असलेल्या ३४ दिवसांत हेल्पलाइनला अपेक्षेपेक्षा ९,९१५ फोन जास्त आले, म्हणजे सुमारे ६.९ टक्के वाढ. त्याच दिवसांत आत्महत्या अपेक्षेपेक्षा २४५ ने कमी झाल्या, सुमारे ५.५ टक्के घट. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, त्यामुळे गाण्यामुळेच हे घडलं असं छातीठोक म्हणता येत नाही. संशोधकांनीही तसं म्हटलेलं नाही. पण आकडे किरकोळ नाहीत.

आता ही दोन गाणी शेजारी ठेवा. एका नंबरवर फोन केला तर कुणी येत नाही, दुसऱ्या नंबरवर कुणीतरी उचलतं. दुसऱ्या गाण्याचा जो काही गुण आला तो गायकाच्या गळ्याचा जितका, तितकाच फोनशेजारी रात्रपाळीला बसलेल्या माणसांचा. उद्या त्या हेल्पलाइनचा निधी कापला आणि फोन नुसताच वाजत राहिला, तर तेच गाणं एका क्षणात पहिल्या गाण्यासारखं होईल. गाणं माणसाला दारापर्यंत आणून सोडतं. दार उघडणं हे दुसऱ्या कुणाचं तरी काम असतं, आणि ते कुणाचं हे विचारायला शिकवणं हे तुमचं आणि माझं काम.

यापेक्षाही धारदार नमुना हवा असेल तर गिल स्कॉट-हेरन या अमेरिकी काळ्या कवी-गायकाचं १९७० सालचं 'व्हाइटी ऑन द मून' घ्या. दोन मिनिटंही भरत नाहीत. मागे नुसता कोंगाचा ताल, पुढे तो बोलतो. त्याच्या बहिणीला उंदीर चावला, तोंड आणि हात सुजले, डॉक्टरचं बिल भरायला पैसे नाहीत, घरमालक भाडं वाढवतोय, आणि तिकडे गोरा माणूस चंद्रावर. अपोलो ११ ला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

वरवर पाहता ही चंद्रमोहिमेवरची कुरकूर वाटते, आणि काही विद्यार्थी तशी ती झटकूनही टाकतात. "विज्ञानाला विरोध आहे हा," म्हणतात. त्यांना सावकाश वाचायला लावा. आजार आला कुठून? उंदरातून. उंदीर आला कुठून? पडक्या घरातून. घर दुरुस्त का नाही, आणि तरीही भाडं का वाढतं? सामाजिक घटक आरोग्य कसं ठरवतात यावर मी आजवर तासच्या तास बोलत आलो, ते या माणसाने उंदराच्या एका चाव्यात मांडलं. मग येतो पैशाचा मुद्दा. १९६६च्या कराराच्या कलम २ मध्ये म्हटलं आहे की राज्याने आपल्याकडच्या उपलब्ध साधनांची पराकाष्ठा करून हे हक्क टप्प्याटप्प्याने पूर्ण करावेत. 'साधनंच नाहीत' हे उत्तर कधी खरं असतं आणि कधी ती निवड असते, हे स्कॉट-हेरन विचारतो. ज्या देशाला चंद्र परवडतो, त्याला उंदीर चावलेल्या बाईचं बिल परवडत नाही हे पटत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. शेवटी तो ती बिलं विमानटपालाने चंद्रावरच्या गोऱ्यालाच पाठवायची म्हणतो. विनोद आहे खरा, पण त्यात उत्तरदायी कोण ते ठरलेलं आहे आणि त्याचा पत्ताही आहे. अमेरिकेने त्या करारावर १९७७ मध्ये सही केली, मान्यता मात्र अजून दिलेली नाही. त्यामुळे आरोग्याच्या हक्काबद्दलची कितीतरी बोलणी तिथे कोर्टाऐवजी गाण्यात का सापडतात, याचा थोडा उलगडा होतो.

आता दुसऱ्या बाजूची गाणी, ज्यांत बोट ऐकणाऱ्याकडे असतं: सांभाळून वाग, तपासणी करून घे, सुरक्षित राहा. एड्सच्या काळात अशी गाणी जगभर निघाली. काही सुरेख आहेत, मला त्यांचा राग नाही. आरोग्यशिक्षण म्हणून त्यांची जागा आहेच. फक्त त्यांना हक्कांवरचं भाष्य म्हणू नये, आणि सरकारं जेव्हा अशा गाण्यांवर खूश असतात तेव्हा कान टवकारावेत. दक्षिण आफ्रिकेतलं उदाहरण बोलकं आहे. १९९५ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने 'साराफिना २' या एड्सविषयक संगीत नाटकासाठी १ कोटी ४२ लाख ७० हजार रँडचं कंत्राट दिलं. खर्चावरून आणि कंत्राटाच्या पद्धतीवरून गदारोळ झाला, एड्सवर काम करणाऱ्या संस्थांनी त्यातला संदेशच कच्चा असल्याचं सांगितलं, तिथल्या लोकपालासारख्या अधिकाऱ्याने चौकशी केली आणि प्रकल्प गुंडाळावा लागला. पुढे काही वर्षांत त्याच पक्षाचं सरकार गरोदर बायांना नेव्हिरॅपिन हे औषध सर्व सरकारी रुग्णालयांतून द्यायला तयार नव्हतं. आईकडून बाळाला होणारी लागण त्याने घटवता येत होती. 'ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेन' ही रुग्णांसाठी लढणारी संघटना कोर्टात गेली आणि जुलै २००२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने औषध द्यायला लावलं. या लढ्याच्या मोर्च्यांतही गाणी होतीच. वर्णभेदविरोधी लढ्यातल्या जुन्या चाली, शब्द नवे, मागणी औषधाची. खात्याच्या पैशातून झालेलं संगीत म्हणत होतं 'जपा', रस्त्यावरचं म्हणत होतं 'द्या'. तुमच्या विद्यार्थ्यांना फरक समजायला ही दोन क्रियापदं पुरेशी आहेत.

मधला एक प्रकार मात्र दोन्ही खान्यांत बसत नाही. फिली लुटाया हा युगांडाचा लोकप्रिय गायक. १९८९ मध्ये त्याने आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं. युगांडात इतक्या नामवंत माणसाने हे उघडपणे सांगण्याची ती पहिलीच वेळ. लोकांना वाटलं, खपासाठी केलेलं नाटक आहे. तो शाळांतून, चर्चमधून हिंडला, 'अलोन अँड फ्रायटन्ड' हे गाणं गायला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये वारला. त्या गाण्यात कुणा मंत्र्याकडे बोट नाही, उपदेश तर नाहीच. आजारी माणूस स्वतःच्या नावाने, स्वतःच्या तोंडाने बोलतो, एवढंच त्यात आहे. पण ज्या आजारात रुग्णाला आधी वाळीत टाकलं जातं आणि मग तो मरतो, तिथे 'मी अजून इथे आहे' हे म्हणणंही हक्काचंच विधान ठरतं.

याच्या शेजारी फेला कुटीचं घराणं आठवतं. नायजेरियातल्या लष्करी सत्तेवर फेलाने वर्षानुवर्षं गाण्यांनी कोरडे ओढले. फेब्रुवारी १९७७ मध्ये सैनिकांनी त्याच्या 'कलाकुटा' या वसाहतीवर धाड घालून ती जाळली. त्याच्या आईला खिडकीतून खाली फेकलं, ती पुढच्या वर्षी वारली. त्या वसाहतीत मोफत दवाखानाही होता, हे गाणी ऐकणाऱ्यांना सहसा माहीत नसतं. तो चालवायचा त्याचा डॉक्टर भाऊ बेको, जो पुढे मानवी हक्कांच्या चळवळीत तुरुंगात गेला. दुसरा भाऊ ओलिकोये बालरोगतज्ज्ञ, देशाचा आरोग्यमंत्री राहिलेला. ऑगस्ट १९९७ मध्ये फेला गेला तेव्हा या ओलिकोयेने पत्रकारांसमोर सांगितलं की माझा भाऊ एड्सने गेला. त्या विषयावर सगळे मूग गिळून बसत, त्या काळात. फेलाच्या सगळ्या गाण्यांत मला हे वाक्य सापडत नाही. ते एका डॉक्टरला बोलावं लागलं. गाण्याची ताकद सांगताना तिची हद्दही सांगावी, म्हणून हे लिहितोय.

तिसऱ्या कसोटीसाठी, म्हणजे माणसाचा मान राखला जातो का यासाठी, विली कोलोनचं 'एल ग्रान वारोन' घ्या. साल्सा संगीतातलं १९८९ सालचं गाणं, लिहिलेलं ओमार अल्फान्नोने. सुरुवात रुग्णालयात होते, सिमोन नावाच्या मुलाच्या जन्माने. बापाला मर्दानी मुलगा हवा असतो. सिमोन परदेशी जातो, बाईच्या वेशात राहू लागतो, बाप त्याला तोडतो. शेवटही रुग्णालयातच. १९८६च्या उन्हाळ्यात एका 'विचित्र आजाराने' तो जातो आणि खाट क्रमांक १० वरच्या रुग्णासाठी कुणी रडत नाही.

खाटेचा नंबर हा शब्द रुग्णालयात काम केलेल्या माणसाला बरोबर टोचतो. राउंड घेताना आपण सर्रास म्हणतो, "दहा नंबरचं काय?" गाण्याने ती आपली रोजची बोली उचलून आपल्यासमोर धरली आहे. पण हे गाणं निर्मळ नाही, आणि म्हणूनच शिकवायला चांगलं. त्याचं ध्रुवपद म्हणतं की वाकडं उगवलेलं खोड सरळ होत नाही. म्हणजे कडव्यात कळवळा आणि ध्रुवपदात निवाडा. लाखो लोक हे गाणं नाचत गातात, आणि नाचताना कुठली ओळ लक्षात राहते? वर्गाला विचारा आणि गप्प बसा. मला स्वतःला वाटतं की त्या काळच्या समाजाची अचूक नोंद म्हणून ते उतरलं आहे: दया यायला लागली होती, मान्यता अजून लांब होती.

आता एक इशारा. आरोग्य आणि अन्याय यांबद्दलच्या संगीतविश्वातल्या कहाण्या तपासल्याशिवाय शिकवू नका. बेसी स्मिथ ही ब्लूजची सम्राज्ञी. सप्टेंबर १९३७ मध्ये मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळ मोटार अपघातात गेली. गोऱ्यांच्या रुग्णालयाने दाखल करून घ्यायला नकार दिला म्हणून ती मेली, अशी कथा पसरली. संगीत नियतकालिकात छापून आली, पुढे तिच्यावर नाटकही निघालं. ती कथा खरी नाही. तिला थेट क्लार्क्सडेलच्या काळ्यांसाठीच्या रुग्णालयात नेलं होतं आणि तिथे ती वारली. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो, जणू अन्यायच नाहीसा झाला. मग पुढचं विचारायचं: तिला गोऱ्यांच्या रुग्णालयात नेलंच का नाही? कारण त्या मुलखात तसं करायचं नसतं हे सगळ्यांना पाठ होतं. दारावर कुणाला नकार द्यावा लागू नये इतकी ती व्यवस्था पक्की मुरलेली होती. दंतकथेत एक दुष्ट रुग्णालय आहे. खऱ्या घटनेत कुणी दुष्ट माणूस शोधून सापडत नाही, आणि हक्काच्या दृष्टीने तीच गोष्ट जास्त गंभीर आहे. सेवा नाकारली गेल्याची नोंद कुठेच होत नाही, कारण तिथे माणूस पोचतच नाही.

सगळ्यात जास्त वेळ मात्र मी पीटर गेब्रिएलच्या 'बिको' या गाण्यावर घालवतो, आणि त्याचं कारण गाण्यात नाही. १९८०चं हे गाणं दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेदविरोधी नेता स्टीव्ह बिको याच्या कोठडीतल्या मृत्यूवर आहे. मानवी हक्कांचं गाणं म्हणून ते जगभर गायलं गेलं. १९८८ मध्ये मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या अ‍ॅम्नेस्टीने मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त काढलेल्या संगीतदौऱ्यात गेब्रिएलही होता. पण हे आरोग्यसेवेचंही गाणं आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं.

बिको मूळचा वैद्यकीय विद्यार्थी. त्याच्या 'ब्लॅक कॉन्शसनेस' चळवळीने १९७५ मध्ये झानेम्पिलो नावाचं सामुदायिक आरोग्य केंद्र उभं केलं होतं. ऑगस्ट १९७७ मध्ये त्याला पकडलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला पोर्ट एलिझाबेथला पोलिसांच्या ताब्यात असताना डोक्याला जबर इजा झाली. त्याला डॉक्टरांनी तपासलं, एकदा नव्हे, अनेकदा. लँग आणि टकर हे दोन सरकारी डॉक्टर. मेंदूला इजा झाल्याच्या खुणा समोर असताना त्यांनी त्याला रुग्णालयात हलवण्याचा आग्रह धरला नाही. पोलिसांनी त्याला नग्न अवस्थेत गाडीच्या मागच्या भागात टाकून हजार किलोमीटरहून दूर प्रिटोरियाला नेलं आणि १२ सप्टेंबरला तो मेला. छळात डॉक्टरने सहभागी होऊ नये, असं जागतिक वैद्यकीय संघटनेने टोकियोत दोनच वर्षं आधी, १९७५ मध्ये जाहीर केलेलं होतं.

पुढचा भाग विद्यार्थ्यांनी तोंडपाठ करावा असा आहे. तिथल्या वैद्यकीय परिषदेने १९८० मध्ये या डॉक्टरांवर कारवाई करण्यासारखं काही नाही असं ठरवलं. गाणं आलं ते वर्षही तेच. मग फ्रान्सिस एम्स या मेंदूरोगतज्ज्ञ बाई आणि आणखी काही डॉक्टर कोर्टात गेले, आपल्याच व्यवसायाच्या परिषदेविरुद्ध. १९८५ मध्ये कोर्टाने चौकशी करायला लावली, दोघे दोषी ठरले आणि टकरचं नाव नोंदवहीतून काढलं गेलं. गाण्यात पोलिसांची खोली आहे, डॉक्टर नाहीत. श्रोत्याचा राग पोलिसांवर जातो, तो रास्तच आहे. पण आरोग्यक्षेत्रात जाणाऱ्या मुलांना हे गाणं ऐकवताना विचारायला हवं की त्या खोलीत स्टेथोस्कोप घेऊन जो आला होता, त्याची निष्ठा कुणाशी होती? पगार सरकारचा, सोय पोलिसांची आणि रुग्ण बेड्यांत, अशी वेळ तुमच्यावर आली तर? बिली हॉलिडेचा शेवट इथेच जोडून घ्या. झुंडीने फासावर लटकवलेल्या काळ्यांवरचं 'स्ट्रेंज फ्रूट' १९३९ मध्ये गाणारी ही बाई १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या रुग्णालयात मरणाच्या दारात होती. अमली पदार्थ बाळगल्याच्या आरोपावरून तिला खाटेवरच अटक झाली आणि खोलीबाहेर पोलीस बसले. व्यसन हा आजार मानायचा की गुन्हा, हा वाद अजून चालूच आहे.

कौतुकाच्या गाण्यांबद्दल माझं मत थोडं तिखट आहे. २०१५च्या नाताळात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर लुइशम आणि ग्रिनिच भागातल्या सरकारी रुग्णालय-कर्मचाऱ्यांच्या वृंदगायनाचं 'अ ब्रिज ओव्हर यू' होतं. ऐकताना घसा दाटतो, नाकारत नाही. त्या वर्षी तिथल्या कनिष्ठ डॉक्टरांचा सरकारशी कामाच्या अटींवरून वाद पेटला होता, त्यामुळे ते विकत घेणं हीच एक भूमिका झाली. पण अशा गाण्यांच्या पोटात एक धोका असतो. परिचारिका देवदूत झाली की तिच्या पाळीचे तास, तिचा पगार, तिला हवा असलेला मास्क हे बोलायला जागा उरत नाही, आणि रुग्णही हक्कदार न राहता उपकृत होतो. करोनाच्या काळात जगभर टाळ्या वाजल्या, तेव्हा अनेक ठिकाणचे कर्मचारी संरक्षक साधनं मागत होते. निधी उभारणाऱ्या गाण्यांचंही थोडंफार असंच असतं. त्यांतून खरंच पैसे मिळतात, माणसं वाचतात, पण दुखणं कुणामुळे आलं हे त्या गाण्यांत सहसा नसतं. असतं तर बहुधा एवढे नामवंत गायक एका मंचावर जमले नसते.

राहिला प्रश्न, गाण्यामुळे काही बदलतं का. दोन उदाहरणं देतो, दोन्ही कामगारांच्या आरोग्याची. हेझल डिकन्स ही अमेरिकेतल्या कोळसाखाणींच्या मुलखातली गायिका. तिचा थोरला भाऊ कोळशाच्या धुळीने फुप्फुसं निकामी होऊन गेला आणि तिने 'ब्लॅक लंग' लिहिलं. १९६९ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाचे खाणकामगार याच आजाराच्या भरपाईसाठी संपावर गेले आणि त्याच वर्षी खाणकामगारांच्या आरोग्य-सुरक्षेचा केंद्रीय कायदा झाला. तो कायदा संपाने आणला, गाण्याने नव्हे. मात्र 'खाणकामगाराचा दमा' म्हणून जे घरात सोसलं जायचं ते खाणमालकाच्या दारात नेऊन ठेवायला अशी गाणी लागली.

दुसरं आपल्याकडचं. कोडाइकनालच्या थर्मामीटर कारखान्यातून पाऱ्याचं प्रदूषण झाल्याचं उघड झाल्यावर २००१ मध्ये तो बंद पडला. मालकी हिंदुस्तान लीव्हरची होती. माजी कामगार वर्षानुवर्षं भरपाई मागत राहिले, मद्रास उच्च न्यायालयात गेले. जुलै २०१५ मध्ये सोफिया अश्रफच्या 'कोडाइकनाल वोंट' या रॅपचा व्हिडिओ आला, लाखो लोकांनी पाहिला, आणि मार्च २०१६ मध्ये कंपनीने ५९१ माजी कामगारांशी समझोता केला. कामगारांच्या तब्येतीला कारखान्यामुळे अपाय झाला नाही ही आपली भूमिका कंपनीने सोडली नाही, रक्कम मानवतेच्या दृष्टीने दिल्याचं सांगितलं. इथे बोट कुणाकडे आहे हे विचारावंच लागत नाही, गाण्यात थेट कंपनीचं नाव घेतलं आहे. पण गाण्याआधी जवळपास पंधरा वर्षं कुणीतरी कागद जमवले होते, तपासण्या करून घेतल्या होत्या, तारखांना हजेरी लावली होती. तो ढीग तयार नसता तर व्हिडिओ पाहणाऱ्यांनी मागायचं तरी काय होतं?

आता तुमचं दोन तासांचं सत्र. चारपेक्षा जास्त गाणी नकोत. सुरुवातीला फोन नंबरांची जोडी, मग 'व्हाइटी ऑन द मून' आणि शेवटी 'बिको'. पहिल्या तिन्हींचे शब्द आधी कागदावर द्या, गाणं नंतर लावा. चाल आधी कानात गेली की शब्द कुणी तपासत नाही. 'बिको'च्या वेळी उलट करा: आधी गाणं ऐकवा, मग वैद्यकीय परिषदेची हकिगत सांगा. लॉजिकचं गाणं लावण्याआधी वर्गाला विषयाची कल्पना द्या, ज्याला बाहेर जायचंय त्याला विनाचौकशी जाऊ द्या, समुपदेशकाला त्या दिवशी हजर राहायला सांगा, आणि तुमच्या भागातल्या हेल्पलाइनचा नंबर स्वतः फिरवून तो लागतो का ते आदल्या दिवशी बघा. शेवटची तीस-चाळीस मिनिटं राखून ठेवा. प्रत्येक गटाने एका गाण्यातल्या माणसाच्या वतीने तक्रार-अर्ज लिहायचा: काय घडलं, चारपैकी कुठली कसोटी मोडली, मागणी काय, आणि अर्ज कुणाच्या नावे. पहिले तीन रकाने भराभर भरतात. चौथ्यावर गटागटांत भांडणं लागतात, मुलं तुमच्याकडे उत्तर मागायला येतात. देऊ नका, कायद्याची प्रत हातात द्या.